मुली बोलावणाऱ्या आक्काची जागा

निपाणीच्या मुलींच्या शाळेत मी लागले तेव्हा आम्ही तिघीजणी होतो. एक मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीणबाई. दुसरी मी. आणि तिसरी मुली बोलावणारी शिपाईण.

मुली बोलावणारी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. त्या काळी मुलगी आपल्या पायांनी शाळेत येत नसे, तिला आणावी लागे. सकाळी आमची शिपाईण पदर खोचून निघायची आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून "चलाऽ गंऽ साळंलाऽ" अशी हाळी द्यायची. मग घराघरात शिरून कुणाची वेणी घाल, कुणाच्या काखेतलं भावंड काढून आजीच्या मांडीवर दे, कुणाची पाटी चुलीमागून शोधून काढ, असं करत करत पोरींचा तांडा शाळेच्या दारात आणून सोडायची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. पन्नाशीची असेल. आवाज असा की बाजाराच्या दिवशीही दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जावा. मुली आणून झाल्या की ती झाडलोट करी, रांजण भरी आणि दुपारी व्हरांड्यात सुपारी कातरत आमचं शिकवणं ऐकत बसे. अधूनमधून आतल्या पोरीला बाहेरूनच दम देई, "अगं, बाईंकडं बघ की! खिडकीत काय हाय?"

माझं माहेर बेळगावात, लष्कराच्या कॅम्पाजवळ. लग्न होऊन निपाणीला आले. हे पोस्टात कारकून होते. आमच्या दोन खोल्या एका तंबाखूच्या वखारीच्या पाठीला लागून होत्या, त्यामुळे संसाराचे पहिले सहा महिने मी नुसती शिंकत होते. शेजारणी म्हणायच्या, निपाणीची सून शिंकायची थांबली की ती निपाणीची झाली. मी थांबले आणि त्याच सुमाराला मला शाळेत नोकरी लागली.

दोन वर्षं बरी गेली. मग तीस-एकतीस सालची मंदी आली. तंबाखूचा भाव पडला, वखारींतलं काम कमी झालं, आणि वर्तमानपत्रांत 'रिट्रेंचमेंट' हा शब्द रोज दिसायला लागला. सरकारच्या तिजोरीत खडखडाट आहे म्हणून नोकरांच्या पगाराला कात्री, असा त्याचा अर्थ. पहिली कात्री पोस्टावर चालली. हे घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आजपासून मी नऊ दशांश नवरा."

"म्हणजे?"

"पगारातला दहावा भाग सरकारनं कापला. तेवढ्यापुरतं माझं ऐकायचं बंद केलंस तरी चालेल."

मला हसू आलं. पण आठ दिवसांनी आमची शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाचा लखोटा शाळेत आला तेव्हा हसायची पाळी यांची होती.

मोठ्या बाई विधवा होत्या, अंगानं काटकुळ्या, शिस्तीला कडक. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिथं त्यांनी दोरा बांधला होता. बोर्डाचा लखोटा त्या चाकूनं उघडायच्या, कधी फाडायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो उघडला, मनातल्या मनात वाचला, परत वाचला आणि माझ्या हातात दिला. त्यात तीन हुकूम होते. शिक्षकांच्या पगारातून दहावा हिस्सा कमी. प्रत्येक शिक्षिकेनं आळीपाळीनं एक महिना सक्तीची रजा घ्यावी, ती बिनपगारी. आणि येत्या एक तारखेपासून शिपाईणीची जागा रद्द.

आक्का व्हरांड्यातच होती. आडकित्त्याचा आवाज थांबला. "बाई, माझं बी काय लिवलंय का त्यात?"

कुठल्याही साहेबाला न घाबरणाऱ्या मोठ्या बाई चष्मा काढून पुसत बसल्या. सांगायचं माझ्यावर आलं.

"आक्का, तुझी जागा काढली."

"काढून कुठं ठिवली?"

मी म्हटलं, "कुठं ठेवली नाही. काढूनच टाकली. आता ती जागाच नाही."

आक्कानं कातरलेली सुपारी चंचीत भरली, चंचीची नाडी ओढली आणि म्हणाली, "व्हय? मग उद्याच्याला पोरींस्नी कोन आननार?"

स्वतःचं काय, हे तिनं विचारलंच नाही.

एक तारखेला शाळा भरली. भरली असं म्हणायचं, एरवी पन्नासेक मुली असत तिथं नऊ जणी आल्या. त्याही शाळेच्या आसपासच्या. मोठ्या बाईंनी हजेरीपट उघडला आणि सगळी नावं एकेक करून मोठ्यानं वाचली. नाव घ्यायचं, दाराकडे बघायचं, पुढचं नाव घ्यायचं. शुक्रवारी सात मुली होत्या. मोठ्या बाईंनी हजेरीपट मिटला आणि मला म्हणाल्या, "बोर्डाची ग्रँट हजेरीवर मिळते. मुली नाहीत तर पुढच्या लखोट्यात शाळाही नाही."

मग म्हणाल्या, "पहिली रजा तुम्ही घ्या. रजेत तुम्ही काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण गावात फिरायला सरकारची बंदी नसावी."

मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुवट लुगडं नेसून मुली आणायला निघाले.

मला वाटत होतं, आपण शिकलेल्या, ट्रेनिंग झालेल्या. चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या की आया पोरींना पाठवतील. पहिल्या घरी मी स्त्रीशिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्या घरच्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मला गूळ-पाणी दिलं आणि विचारलं, "वर्गणी कशाची हाय म्हनायची?" दुसऱ्या घरी पोरगी मामाच्या गावाला गेली असं आई सांगत होती, आणि तिच्या मागं ठेवलेल्या कणगीतून हसण्याचा आवाज येत होता. तिसऱ्या घरी कुत्रं. चौथ्या घरी मात्र यश आलं. अंगणात एक पोर खेळत होतं, पाठीवर लांब वेणी, डोळे टपोरे. घरात कुणी नव्हतं. मी विचारलं, "येतेस का शाळेत?" पोर लगेच हात धरून निघालं. वाटेत आणखी एक मुलगी गाठली. दोघांना घेऊन मी ऐटीत शाळेच्या दारात उभी राहिले.

मोठ्या बाईंनी वेणीवाल्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते मुलाचं होतं. नवसाचे केस राखलेला मुलगा मी मुलींच्या शाळेत धरून आणला होता! त्याची आई अर्ध्या तासानं धावत आली. "माजं पोर पळवून न्हेलं," असं ती आख्ख्या गल्लीला सांगत आली होती. मोठ्या बाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, पण खांदे हलत होते.

घरी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हजेरीत धरायचा होता. सरकारला कुठं कळतंय?"

पाच दिवस मी फिरले. पाच दिवसांत पोरी तीन. सहाव्या दिवशी मी सरळ आक्काला शोधायला गेले.

ती एका वखारीत तंबाखूच्या काड्या निवडायला लागली होती. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत बाया बाहेर येऊन भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या, त्यात ती. नाकावर फडकं बांधलेलं, डोळे लाल. मला बघून फडकं खाली ओढलं आणि दोन सणसणीत शिंका दिल्या.

"बाई, तुमी हतं कशाला आलासा? अंगाला वास लागंल."

मी तिच्या शेजारी बसले आणि झालेलं सगळं सांगितलं. गूळ-पाणी, कणगी, कुत्रं, नवसाचा मुलगा. मुलाचं ऐकल्यावर आक्का इतकी हसली की घास अडकून तिला ठसका लागला, आणि बाकीच्या बायांनी तिची पाठ चोळत मला तेच परत सांगायला लावलं.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "बाई, राग येऊ दे नगा. तुमी शिक्षनाचं सांगताय. शिक्षन कुनाला पायजे?"

"मग काय सांगायचं?"

"त्या गूळ-पान्याच्या म्हातारीचा ल्योक पलटनीत हाय. त्येची पत्रं वाचायला ती गावभर फिरती. तिला म्हनायचं, नात चार म्हयन्यांत पत्र वाचंल, कुनाच्या दारात जायाला नगो. कनगीतली हाय न्हवं, तिची आय दीसभर वखारीत असती, पोरगी धाकट्या भावाला बघती. त्या भावाला बी घिऊन यी म्हनायचं. साळंत निजंल की. कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायचा. आनि समद्यात पयलं म्हंजी," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दारात हुबं ऱ्हाऊन बोलायचं न्हाय. आत जाऊन चुलीम्होरं बसायचं. दारात हुबी ऱ्हाती ती सरकारी बाई."

मी हे सगळं पाठ केलं. ट्रेनिंगला असताना अध्यापनशास्त्राचं पुस्तक इतक्या मनापासून पाठ केलं नव्हतं.

उठताना आक्का म्हणाली, "वखार आठाला उघडती. त्येच्या आदी येती मी तुमच्यासंगं. दोन गल्ल्या हुत्याल."

मला लाज वाटली. "आक्का, तुला त्याचं कोण काय देणार?"

"तुमास्नी कोन द्यायलंय? तुमी बी बिनपगारीच की!"

खरंच होतं. सरकारनं मला महिनाभर मोकळं सोडलं होतं आणि तिला कायमचं. मग उजाडल्या उजाडल्या आम्ही दोघी फिरायला लागलो. ती पुढं, मी मागं. ती हाळी द्यायची, मी चुलीपुढं जाऊन बसायची. कुणाचं पोर घे, कुणाच्या भाकरी थाप, कुणाला पलटनीतलं पत्र वाचून दाखव. मी बेळगावची, कारकुनाची लेक. भाकरी थापताना मोडायची आणि त्या घरच्या बाया हसायच्या. पण ज्या घरात माझी भाकरी मोडली त्या घरची पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत यायचीच. आठ वाजता आक्का वखारीकडे वळायची आणि मी पोरींना सांभाळत घरोघरी थांबत शाळेपर्यंत न्यायची. पंधरा दिवसांत हजेरी तिशीच्या वर गेली. वर्गात दोन-तीन तान्ही भावंडंही असायची, मागच्या भिंतीशी गोधडीवर निजलेली.

त्यातच डेप्युटी येणार असल्याचं पत्र आलं. डेप्युटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. एरवी ते यायचे तेव्हा टांगा, पुढं शिपाई, शिपायाच्या डोक्यावर दप्तराची पेटी. त्या दिवशी सकाळी मोठ्या बाई आणि मी दोघीही मुली गोळा करायला गेलो होतो. आक्कानं वखारीत खाडा केला होता. सगळ्या गल्ल्या मिळून आम्ही जवळजवळ सगळ्या पोरी आणल्या. धाकटी भावंडं, दोन आया, आणि एका पोरीच्या मागोमाग आलेली शेळीसुद्धा. शेळीला व्हरांड्याच्या खांबाला बांधलं.

साहेब आले ते पायी. मोटार-अड्ड्यापासून चालत. कोटाला धूळ, आणि दप्तराची पिशवी स्वतःच्या हातात. मोठ्या बाईंचं लक्ष आधी पिशवीकडे गेलं. त्यांनी विचारलं, "साहेब, शिपाई?"

"आमच्यातही रिट्रेंचमेंट आहे, बाई," साहेब म्हणाले आणि कपाळ पुसत खुर्चीवर बसले. "पाणी मिळेल का जरा?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी रांजणाकडे बघितलं. आक्का गेल्यापासून पाणी आम्हीच आणत होतो, पण आज सकाळपासून सगळ्याजणी पोरींच्या मागं. रांजण कोरडा ठणठणीत. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबाला पाणी नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. आक्का तेवढ्यात कळशी घेऊन विहिरीकडे पळाली.

साहेब पाणी येईपर्यंत वर्गात फिरले. पुस्तक वाचायला लावलं, पाढे विचारले. पलटनवाल्याच्या मुलीनं बोट ठेवून, अक्षरं लावत धड्याची पहिली ओळ वाचली. मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं नाव तर रजेवर दिसतं."

"हो साहेब."

"मग इथं काय करताय?"

"रजेवर आहे म्हणूनच वेळ मिळतोय."

साहेब हजेरीपट घेऊन बसले. एक तारखेची नऊ, मग सात, आणि तिथून चढत गेलेले आकडे त्यांनी बोट ठेवून बघितले. "ह्या पडल्या कशा आणि चढल्या कशा?"

मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं. शिपाईणीची जागा गेली आणि मुली गेल्या. शिपाईण फुकट यायला लागली आणि मुली आल्या.

तेवढ्यात आक्का पाणी घेऊन आली. साहेब दोन तांबे प्यायले आणि त्यांनी मिशा पुसल्या. "हीच का ती?"

"व्हय साएब," आक्का म्हणाली. "आज वखारीत खाडा क्येलाय. सांजच्याला शिव्या बसनार हायत."

साहेब हसले. मग त्यांनी टाक दौतीत बुडवला. "बाई, मुली बोलावणारीची जागा परत द्या असं मी लिहिलं तर बोर्ड ते फाईलला लावून ठेवील. ती जागा वरूनच गेली आहे. पण शाळेत प्यायला पाणी नाही, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं आहे. पाण्याचा खर्च सादिलातून करता येतो. त्याला जागा लागत नाही."

सादिल म्हणजे खडू, शाई, केरसुणी असल्या किरकोळ खर्चासाठी शाळेला मिळणारी रक्कम. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "पाणी भरणारी बाई विहिरीकडे जाताना कोणत्या गल्लीतून जाते, हे बोर्ड विचारणार नाही ना?"

"विचारलं तर मला कळवा," साहेब म्हणाले.

त्यांनी शेरा लिहिला. जाताना पिशवी आक्कानं उचलली आणि ती मोटार-अड्ड्यापर्यंत त्यांच्या पुढं चालत गेली. गल्लीतले लोक उठून उभे राहिले असं तिनंच दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मंजुरी यायला सव्वा महिना लागला. तोवर माझी रजा संपून मोठ्या बाईंची सुरू झाली होती, आणि मी एकटी चारही इयत्ता सांभाळत होते. मोठ्या बाई मात्र रोज सकाळी आक्काबरोबर गल्ल्यांत दिसायच्या. चुलीपुढं बसायला त्यांना जमत नसे, त्या पाटावर बसायच्या. पण भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापायच्या. मंजुरीचा कागद आला त्या दिवशी आक्कानं अंगठा उठवला आणि विचारलं, "आता माझी जागा कुठली?"

"जागा नाही. तू पाणी भरणारी."

"आनि पोरी?"

"त्या आणशीलच की."

"मग पानी कोन भरनार?"

ते आम्ही भरत असू. मधल्या सुट्टीत मी आणि चौथीच्या मुली कळश्या घेऊन विहिरीवर जायचो. मोठ्या बाई त्याला 'व्यायामाचा तास' म्हणायच्या आणि वेळापत्रकात तसं लिहूनही ठेवलं होतं. सादिलातलं मोल तिच्या आधीच्या पगारापेक्षा कमी होतं, हे खरं. तिला तंबाखूच्या हंगामात दुपारनंतर दोन तास वखारीत जावं लागे. पण सकाळची हाळी परत गल्ल्यांत ऐकू यायला लागली.

कपात पुढं काही वर्षांनी उठली. ह्यांचा दहावा भाग परत आला तेव्हा हे म्हणाले, "आता पूर्ण नवरा परवडेल ना?" मी म्हटलं, नऊ दशांशाची सवय झाली आहे, तेवढाच पुरे. आक्काची जागा मात्र तिच्या शेवटापर्यंत सादिलातच राहिली.

आमच्या शाळेतल्या चार मुली मोठ्या बाईंकडे शाळा सुटल्यावर पुढचं शिकल्या आणि फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेला बसल्या, ते कपात उठल्यानंतर. परीक्षा बेळगावात. चौघींना न्यायचं माझ्याकडे आलं, आणि पालक म्हणाले, आक्का बरोबर असेल तरच पाठवू. आक्का तोवर चिकोडीच्या पलीकडे गेली नव्हती. सर्व्हिस मोटारीत ती खिडकीशी बसली आणि घाट लागल्यापासून डोळे गच्च मिटून मला विचारत राहिली, "आलं का वं बेळगाव?"

माझ्या माहेरी उतरलो. दुसऱ्या दिवशी परीक्षेला जाताना कॅम्पातून वाट होती. मैदानावर गोऱ्या पलटणीचा बँड वाजत होता. लाल डगले, पितळी तुताऱ्या, एवढाले ढोल. चौघी मुली रस्त्यातच खिळल्या. मीही खिळले. पेपराची वेळ होत आली तरी कुणाचा पाय हलेना. आक्का मात्र बँडकडे पाठ करून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चलाऽ गंऽ! त्येंचा पगार चालू हाय, त्ये वाजवत्याल दीसभर. तुमचा पेपर ऱ्हाईल!"

बँडच्या आवाजावरून तिचा आवाज गेला. कडेला उभा असलेला एक गोरा शिपाई दचकून मागं वळला. मुली पळत सुटल्या, आणि त्यांच्या मागं मी. चौघींपैकी तिघी पास झाल्या. चौथी गणितात राहिली, ती पुढच्या वर्षी सुटली.